प्रतिकारक गव्हावर काळपटपणा : फवारणीआधी बोट फिरवून पाहा

प्रश्न : मार्कर तंत्राने (डीएनएतील खुणा पाहून) तयार केलेला, तांबेरा या बुरशीच्या रोगाला प्रतिकारक गहू पेरला आहे. ओंब्या काळपट दिसतात, शेंड्याच्या पानांची टोके वाळली आहेत. दुकानदार दुप्पट बुरशीनाशक मारायला सांगतो. मारू का? हे बियाणे जीएम (जनुकीय बदल केलेले) आहे का? आणि अनुदानासाठी काय जपून ठेवू?

उत्तर : मारू नका. आधी पानावरून, खोडावरून बोट फिरवा. तांबेरा असेल तर बोटाला विटकरी भुकटी लागते. तांबेऱ्याला अडवणारे 'एसआर-२' जनुक असलेल्या वाणांत तुसांवर आणि पेराजवळच्या खोडावर काळपटपणा येतो. 'एलआर-३४' हे तसेच दुसरे जनुक असलेल्या वाणांत शेंड्याच्या पानाचे टोक वाळते. ती जनुकाची खूण असते, रोग नव्हे. तिच्यावर औषध मारून पैसे पाण्यात घातलेली शेते मी पुष्कळ पाहिली आहेत.

जीएम नाही. संकर नेहमीचाच. रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन डीएनएत हवे ते जनुक उतरले की नाही, एवढेच मार्करने कळते; रोग येण्याची वाट पाहावी लागत नाही. खरा फायदा म्हणजे एका वाणात दोन-तीन जनुके आणता येतात. नुसत्या नजरेने ते जमत नाही, एक बळकट जनुक असले की दुसरे झाकले जाते. एकट्या जनुकाचा भरवसा नाही : १९९९ मध्ये युगांडातून नोंदलेल्या 'युजी-९९' या तांबेऱ्याच्या प्रकारापुढे जगभर वापरलेले 'एसआर-३१' जनुक निकामी ठरले.

'एलआर-३४' रोग मंदावते, पुरता थांबवत नाही. चार पुळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका. भुकटी लागते आणि रोग वरच्या पानांकडे चढतो आहे, असे दिसले तरच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला १ मिली. दुप्पट नाही. सोबत टॉनिक नाही. युरियाचा जादा हप्ता तर मुळीच नाही, दाट लुसलुशीत पिकात तांबेरा फोफावतो. दाणे भरून पीक पिवळे पडू लागल्यावर फवारणी म्हणजे निव्वळ खर्च, शिवाय धान्यात औषधाचा अंश. दुकानदार काहीही म्हणो, मात्रा १ मिलीच.

अनुदानाचे : पिशवीवरचा टॅग आणि पावती जपा, बाकीचे कार्यालयात विचारा.

पुढच्या हंगामात सगळे रान एकाच वाणाखाली घालू नका. वेगवेगळी जनुके असलेले दोन वाण अर्धे-अर्धे पेरा, तेही वेळेवर. 'सगळेच प्रतिकारक आहेत' असे सांगून दुकानदार हाती देईल ते उचलू नका, वाणाचे नाव विचारून घ्या. घरचे बी चालते, गहू स्वपरागी आहे. फक्त मळणीत दुसऱ्या वाणाची भेसळ होऊ देऊ नका.