आधी पाणी लिही

प्रिय,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला, म्हणून उत्तराला उशीर. सोबतचा मेसेज मात्र चार वेळा वाचला. "बाई, मला कळतच नाहीये मी हे कोणासाठी लिहितोय." एक मित्र म्हणतो मराठ्यांचं अजून वाढव, दुसरा म्हणतो पाकिस्तानात, बलुचिस्तानातल्या जिल्ह्यावर मराठीत कशाला लिहायचं, आणि तू मधे लटकलायस. लेख मात्र चांगला लिहितोस, ते तुला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही.

सरळ सांगते. 'डेरा बुगटी : हरवलेल्या मराठ्यांचा जिल्हा' हे तुझं शीर्षक. अकरा पानांतली आठ पानिपतावर. नवव्या पानावर डेरा बुगटी येतं, तेही "रुक्ष डोंगराळ प्रदेश" एवढं म्हणून संपतं. अरे, त्या रुक्ष डोंगरात माणसं राहतात ना? ती पाणी कुठलं पितात? अकरा पानांत पाणी हा शब्द मी शोधला. एकदाच सापडला, तोही "पाणीदार मराठे" मधे.

मी जत तालुक्यात एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तुलाही शिकवला. वर्गात पहिल्या दिवशी काय सांगायचे ते आठवतंय का? कुठल्याही गावाबद्दल, तालुक्याबद्दल, देशाबद्दल लिहायचं असेल तर आधी पाणी लिहा. पाणी कुठून येतं, कोण आणतं, किती लांबून आणि कोणाच्या परवानगीनं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं. तेव्हा माना हलवल्यात सगळ्यांनी, आणि आता बघ.

बरं, आता डेरा बुगटीचं पाणी. सुलेमान डोंगररांगेचं दक्षिण टोक, पाऊस फार थोडा, आणि पडला की ओढ्यांना एकदम लोंढे येतात आणि सगळं वाहून जातं. जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगलीपेक्षा मोठाच, आणि २०२३ च्या जनगणनेत लोक साडेतीन लाखांच्या थोडे वर. सांगलीत २०११ लाच अठ्ठावीस लाख होते. यावरून कळतं तिथली जमीन किती माणसं पोसू शकते. दक्षिणेला सुई गावाकडचा थोडा भाग सपाट, तिथं सिंधूचं पाणी पट फीडर नावाच्या कालव्यानं येतं. आणि दुसरा कच्छी कालवा, तो पार पंजाबातल्या तौंसा बंधाऱ्यापासून निघतो. त्याचा पहिला टप्पा २०१७ साली सुरू झाला आणि डेरा बुगटीतली ७२ हजार एकर जमीन भिजवायचं ठरलं होतं. पुढं २०२२ च्या पुरानं कालवा फोडला. ही अख्खी गोष्ट तुझ्या लेखात नाही. ७२ हजार एकर! ज्या माणसाला तू हरवलेला मराठा म्हणतोस त्याची ज्वारी त्या पाण्यावर येणार की नाही हे तुला विचारावंसं वाटलं नाही?

आणि पीर कोह. हे नाव लिहून ठेव, लेखाची सुरुवात इथूनच कर असं माझं म्हणणं आहे. पीर कोहला गॅसचं फील्ड आहे, सरकारी कंपनी सत्तरच्या दशकापासून तिथं आहे. आणि त्याच पीर कोहमधे २०२२ च्या एप्रिल-मेमधे कॉलरा पसरला, कारण लोक साठलेल्या डबक्याचं पाणी पीत होते. हजारो माणसं आजारी पडली, माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. तेव्हाचे फोटो मी बघितलेत. एक हिरवट-मातकट तळं, एका कडेला जनावरं पाण्यात उभी, आणि दुसऱ्या कडेला एक पोरगं प्लास्टिकचा पिवळा कॅन आडवा धरून त्याच पाण्यात बुडवतंय, कॅनचं तोंड अर्धं वर, म्हणजे वरचा गाळ आत जाऊ नये म्हणून. ते कॅन धरणं मी ओळखलं. आमच्याकडं दुष्काळात टँकरच्या तळाशी राहिलेलं पाणी पोरी असंच भरायच्या. त्या फोटोपाशी मी अर्धा तास बसून होते.

आता गॅस. १९५२ मधे सुईला गॅस सापडला आणि १९५५ मधे पाइपलाइननं कराचीला गेला सुद्धा. पाकिस्तानात आजही घरातल्या पाइपच्या गॅसला लोक सुई गॅसच म्हणतात, म्हणजे लाहोरच्या स्वयंपाकघरात रोज या गावाचं नाव घेतलं जातं. खुद्द बलुचिस्तानची राजधानी क्वेट्टा, तिथं हा गॅस पोचायला १९८० चं दशक उजाडलं. आणि डेरा बुगटीतल्या कितीतरी खेड्यांत अजून लाकडावर चूल पेटते. आपल्याकडं म्हण आहे ना, धरण उशाला आणि कोरड घशाला. ही म्हण त्या जिल्ह्याला जितकी लागू पडते तितकी महाराष्ट्रातसुद्धा थोड्याच गावांना पडत असेल. मराठी वाचकाला डेरा बुगटी समजवायला तुला पानिपतापर्यंत जायची गरजच नाही, कोयनेच्या विस्थापितांपर्यंत गेलास तरी पुरे. वीज मुंबईला आणि कंदील गावाला, हे आपल्या माणसाला लगेच कळतं.

तू म्हणशील बाई मराठ्यांचं काढूनच टाका म्हणताय. नाही रे. उलट तुझ्याहून मला ते जास्त जवळचं आहे. १४ जानेवारी १७६१, संक्रांत, आणि पुढं ते पत्र, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. लहानपणापासून ऐकतोय आपण. विश्वासराव आणि भाऊसाहेब म्हणजे मोती, मोठे सरदार म्हणजे मोहरा. आणि खुर्दा? खुर्दा म्हणजे हीच माणसं. बाजारबुणगे, बायका, घोडेवाले, यात्रेला म्हणून बरोबर आलेले लोक. परंपरा असं सांगते की अब्दालीबरोबर आलेल्या, बलुचिस्तानातल्या कलात संस्थानच्या मीर नासिर खानाच्या फौजेला कैदी मिळाले आणि ते बलुचिस्तानात नेले गेले. त्यांचे वंशज म्हणवणारे लोक आज बुगटी टोळीचा भाग आहेत, मराठा बुगटी म्हणतात त्यांना, शेजारच्या मरी टोळीतही आहेत. मुसलमान आहेत, बलोची बोलतात. लग्नातल्या चालीरीतींवरून, आईला आई म्हणण्यावरून आपले लोक भावुक होतात, होऊ देत. पण एक गोष्ट तू आठ पानांत लिहिली नाहीस. ते तिथं गुलाम म्हणून राहिले. पिढ्यान् पिढ्या. दुसऱ्यांची जनावरं राखली, दुसऱ्यांचं पाणी भरलं. हे लिहायला जड जातं म्हणून आपण "रक्त अजून सळसळतं" असलं काहीतरी लिहून मोकळे होतो. खुर्द्याची गणती तेव्हा कोणी केली नाही आणि तूही आठ पानं मोहरांवरच घालवलीस. आधी पाणी लिही म्हणते ना मी, त्याचं हेही कारण आहे, पाण्याच्या वाटेनं गेलास की थेट खुर्द्यापाशी पोचतोस, कारण पाणी तोच भरत असतो.

तुला इतकं रागावतेय त्याला कारण आहे, तेही सांगते.

२००६ च्या दिवाळीत मी एका अंकात याच विषयावर लेख लिहिला होता. तू कधी बघितला नसशील, मी कोणाला दाखवत नाही. बलुचिस्तानातले आपले भाऊबंद, असं काहीसं. पत्रं पुष्कळ आली. आता तारखा बघ. २६ ऑगस्ट २००६ ला बुगटी टोळीचे सरदार नवाब अकबर बुगटी शेजारच्या कोहलू जिल्ह्याच्या डोंगरात लष्करी कारवाईत मारले गेले. प्रांताचे गव्हर्नर आणि मुख्यमंत्री राहिलेला, ऐंशीच्या घरातला म्हातारा माणूस. त्याच्या आधी, जानेवारी २००५ मधे सुईच्या गॅस प्लांटवरच्या हॉस्पिटलात एका डॉक्टर बाईवर अत्याचार झाला आणि तिथून सगळं पेटलं. १७ मार्च २००५ ला डेरा बुगटी गावावर तोफगोळे पडले, साठाच्या वर माणसं मेली, त्यात नवाबाच्या वाड्याजवळ राहणारे हिंदू पुष्कळ होते, बायका-मुलं होती. मग हजारो लोक घरं सोडून नसीराबाद, जाफराबाद, सिंधकडं गेले. आणि माझा लेख त्याच दिवाळीत आला आणि त्यात यातलं एक अक्षर नव्हतं. एकही नाही.

लेख मी जुलैतच दिला होता हे खरं. पण प्रूफं सप्टेंबरात आली. जेवणाच्या टेबलावर पसरून लाल पेननं मी वेलांट्या दुरुस्त केल्या. संपादकांना फोन करून विचारलं की एक परिच्छेद घालू का, ते म्हणाले बाई राजकारण नको, दिवाळीला लोकांना छान वाचायचं असतं. आणि मी ऐकलं. तेव्हा नेट आजच्यासारखं नव्हतं, घरी ह्यांचं आजारपण चालू होतं, शाळेचं सत्र सुरू, आणि व्हिसा काढून तिथं जाणं मास्तरणीला कुठलं शक्य, हे सगळं खरं आहे आणि आजही मी हे कोणालाही सांगेन. एका माणसाच्या हातात किती असतं शेवटी. पण एक परिच्छेद माझ्या हातात होता. वेलांट्या दुरुस्त करायला वेळ होता तर परिच्छेदालाही होता.

तेव्हापासून मी हट्टी झालेय. तुला त्रास होतो या हट्टाचा, माहितीये.

अजून एक बघ. २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या जतच्या चाळीस गावांवरून दोन राज्यांत वाद पेटला तेव्हा तू पुण्यात होतास. चॅनेलवाले अस्मिता अस्मिता करत होते. गावातली माणसं काय म्हणत होती? म्हैसाळ योजनेचं पाणी द्या. त्याच्याही दहा वर्षं आधी कर्नाटकात जायचा ठराव केला तोही पाण्यासाठीच. तेव्हा तू मला फोन करून म्हणालास की बाई, बाहेरच्यांना आपलं काही कळतच नाही, हे लोक आपल्यावर स्वतःचंच काहीतरी लिहितात. किती चिडला होतास! आता तू बाहेरचा आहेस आणि डेरा बुगटीचं पोरगं चिडलंय, असं समजून तुझी आठ पानं वाच.

नवाबावर लिहिशील तेव्हा सांभाळून. त्याला देव करू नकोस. सरदारकीचा जाच तिथल्याच लोकांनी सोसलाय. सुईची जमीन ज्यांची त्या, बुगटींमधल्याच कलपर शाखेच्या लोकांना नव्वदच्या दशकात नवाबाशी वैर आलं म्हणून स्वतःचं गाव सोडावं लागलं होतं. सरकारलाही सोडू नकोस. आताचे मुख्यमंत्री सरफराज बुगटी याच जिल्ह्यातले, तर त्यांच्या काळात पाण्याचं काय झालं एवढं शोधून लिही, बाकी टीका-कौतुक वाचणारे करतील. निखाऱ्यांवरून चालून निर्दोष ठरवायची प्रथा तू ठळक अक्षरांत टाकलीयस, ती आहे, लिही, पण मागे घे. वाचकाला पहिल्यांदा निखारे दिसले की तो माणसांकडं माणसं म्हणून बघतच नाही. बलुचिथेरियमचं मात्र पुढं आण, तू दोन ओळींत उरकलंयस आणि मला ते फार आवडतं. जमिनीवरच्या सगळ्यात प्रचंड सस्तन प्राण्यांपैकी एक, बिनशिंगाचा गेंडाच जवळजवळ, त्याची हाडं १९०८ च्या सुमारास बुगटी डोंगरात सापडली आणि शास्त्रीय नावातही बुगटी आहे. एवढं मोठं जनावर झाडपाला खाऊन तिथं जगत होतं, म्हणजे कधीकाळी तिथं केवढी हिरवळ असेल, किती पाणी असेल! बघ, इथंही पाणी आलंच.

तिथं न जाता लिहू का, हा तुझा खरा प्रश्न, तो तू मेसेजच्या शेवटी घाबरत विचारलायस. लिही. पण हाल घेऊन लिही. बलोच लोकांत दोन माणसं भेटली की आधी हाल विचारायची रीत आहे. येणाऱ्यानं सांगायचं, कुठून आलो, वाटेत पाऊस झाला का, चारा आहे का, कोण गेलं, कोण आजारी. तो सांगून होईपर्यंत दुसरा मधे बोलत नाही. तुला जाता येत नाही, पण तिथले पत्रकार लिहितात, तिथली पोरं फोनवर व्हिडिओ टाकतात, उर्दू तुला बऱ्यापैकी समजते. त्यांचा हाल पूर्ण ऐक. तू ड्राफ्टमधे त्यांच्या तोंडात आपलाच हाल घातलायस.

शीर्षक बदल. पानिपत पाचव्या पानावर ने, दोन पानांत बसव. जिल्हा १९८३ ला सिबीतून वेगळा झाला वगैरे सरकारी माहिती एका ओळीत संपव. पहिलं पान पीर कोहचं. कच्छी कालव्याची आजची स्थिती शोध, किती दुरुस्त झालाय, शेवटच्या शेतापर्यंत पाणी जातं का, ते कळल्याशिवाय मला काही पाठवू नकोस. मित्र काय म्हणतात ते मला सांगायचं नाही.

आणि ते "पाणीदार" काढ.

रविवारी फोन कर, पण अकरानंतर. सकाळी नळाला पाणी येतं, तेव्हा मी उचलत नाही.

तुझी,
बाई