पोलिश शाब्ला: परंपरा किती जुनी, किती नवी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पोलिश तलवारबाजी म्हणून आज जे शिकवतात ते खरंच सतराव्या शतकापासून गुरू-शिष्य असं चालत आलंय का, आणि तसं नसेल तर त्यात वेळ घालवावा का. मी पोलंडमध्ये क्राकूफ शहरात राहतो, नऊ वर्षं हेच शिकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नाही, धागा मध्ये तुटला. तिकडच्या सरदार वर्गाच्या, म्हणजे श्लाख्ताच्या, कमरेला शाब्ला, म्हणजे वाकडी तलवार, कायम असायची, पण ती चालवायची कशी हे सतराव्या शतकात कुणी पोथीत मांडून ठेवल्याचं आपल्या हाती आलेलं नाही. सतराव्या शतकातल्या पासेक नावाच्या सरदाराच्या आठवणी १८३६ मध्ये छापल्या गेल्या. त्यात द्वंद्वं आहेत, भांडणं आहेत, पण डाव समजावून सांगायची त्याला गरजच वाटली नाही, कारण त्याच्या काळच्या वाचकाला ते ठाऊक होतं. त्या काळची एक पद्धत म्हणजे एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून तिरके वार करत फुली मारत जायचं, त्याला 'श्तुका क्शिझोवा' म्हणतात. नाव उरलं, बारकावे गेले.

कितोविच या धर्मगुरूने अठराव्या शतकातल्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात पाल्त्साती, म्हणजे लाकडी दांडक्यांचा खेळ येतो. पोरं आधी त्यावर हात बसवायची. आपल्याकडे फरी-गदग्यावर हात तयार करतात, तसंच.

मग १७९५ पर्यंत शेजाऱ्यांनी तीन वेळा वाटण्या करून देशच नकाशावरून पुसला. १७९७ सालच्या ज्या गीताचं पुढे राष्ट्रगीत झालं त्यात परक्यांनी हिरावलेलं शाब्लेने परत घेऊ असं म्हटलंय, इतकी ती तलवार मनात रुतलेली. पण शिकवणारी घराणी विखुरली. मिखाउ स्ताझेफ्स्कीने १८३० च्या सुमारास ग्रंथ लिहिला, तोही छापला गेला १९३२ मध्ये. तो मोलाचा आहे, पण एकोणिसाव्या शतकाचा आहे. त्याला कुणी 'हुसारांची (जुन्या पोलिश घोडदळाची) गुप्त विद्या' म्हणून विकत असेल तर तिथे शिकू नका. घराण्यातून चालत आलेलं रहस्य सांगणाऱ्यांनाही हेच लागू.

आता ज्यांच्यामुळे मी यात आलो ते वॉइचेख झाब्वॉत्स्की. सेबर या खेळातल्या तलवारबाजीच्या प्रकारात तीन ऑलिंपिक सांघिक पदकं मिळवलेला खेळाडू, व्यवसायाने वास्तुरचनाकार. त्यांनी खऱ्या जुन्या तलवारींचा अभ्यास केला, त्याच तलवारींनी वार करून पाहिले आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पोथी नसेल तर हत्यारालाच विचारायचं, ही त्यांची वाट मला पटली.

हत्यार बोलतं म्हणजे काय, ते सांगतो. हुसारी शाब्लेच्या परजेला अंगठ्यासाठी एक कडी असते, तिला पालुख म्हणतात. कडीशिवाय तिरका वार टाकला की पातं खाली वाहवत जातं आणि त्याला थांबवताना मनगट ओढलं जातं. कडीत अंगठा घालून तोच वार टाका. पातं खाली पोचायच्या आत अंगठ्याने रेटा देता येतो, पातं वळतं, आणि दुसरा वार डावीकडून आपोआप उचलला जातो. फुली कशी मारत असतील हे मला कुणाच्या शब्दांतून नाही, त्या कडीतून कळलं. काराबेला ही दुसऱ्या प्रकारची शाब्ला हातात घ्या, तिथे कडी नाही, बोटांसमोर परजेची कमान नाही, मूठ गरुडाच्या डोक्यासारखी. ती हाताला वेगळंच करायला लावते, मोठे गोल वार घ्यायला लावते.

या तपासणीला शेजारच्या देशांतल्या पोथ्यांचा आधार घेतात. योआखिम मायरच्या १५७० च्या जर्मन ग्रंथात दुसाक या आखूड, वाकड्या शस्त्राचे डाव आहेत, ते तिरक्या वारांसाठी फार उपयोगी पडतात. ते पोलिश नाहीत, पण हात, खांदा, पाय माणसाचेच आहेत. मग बोथट पात्यांनी, मुखवटे चढवून झुंजून पाहायचं. जे झुंजीत टिकत नाही ते टाकून द्यायचं.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, जरूर शिका. ही शोधून उभी केलेली विद्या आहे, आणि त्या शोधात सहभागी होता येतं हाच मला तिचा मोठा आनंद वाटतो. खेळातलं सेबर ५०० ग्रॅमच्या आत असतं. जुनी शाब्ला बरीच जड असते, म्हणून खेळातली मनगटाची झटपट हालचाल इथे आणू नका. पहिले तीन-चार महिने दांडक्यावरच घालवा. आणि हातमोजा अंगठ्याला जाड हवाच. पहिल्या हिवाळ्यात मी पातळ मोजा घालून कडीत अंगठा दिला, समोरच्याचा वार परजेवर आला आणि अंगठा मुरगळला तो सहा आठवडे दुखत होता.

शिक्षक निवडताना एकच करा. त्याने दाखवलेल्या एखाद्या डावावर बोट ठेवा आणि विचारा, हा कुठून घेतलात? माझ्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'हा स्ताझेफ्स्कीचा, हा मायरचा, आणि हा माझा अंदाज, उद्या बदलेलही.' मी त्यांच्याकडेच राहिलो.