ऑडिओबुक म्हणून कोणती पुस्तके ऐकावीत आणि कोणती हाती घेऊनच वाचावीत?

आपण विचारले आहे की, ऑडिओबुक नव्याने ऐकू लागणाऱ्याने कादंबऱ्यांपासून सुरुवात करावी की वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांपासून, आणि ज्यांची फार स्तुती होते त्यांपैकी कोणती खरोखर ऐकण्याजोगी आहेत. मी अनेक वर्षे दोन्ही प्रकार ऐकत आले आहे आणि माझ्या मते ही विभागणी कानाच्या फारशी कामाची नाही. छापील पानावर नजर हवी तेव्हा दोन ओळी मागे जाते, एखाद्या शब्दापाशी अडते आणि मग पुढे सरकते. ऐकताना मात्र वेग दुसऱ्याच्या हाती असतो. तो वेग ज्या पुस्तकाला मानवतो ते कोणत्याही प्रकारचे असो, ऐकावे. ज्याला वाचकाने मध्येच थांबणे हवे असते, ते छापील स्वरूपातच घ्यावे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचे ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (२०११) हे ऐकू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. पुस्तक उत्तम आहे, पण ते पहिल्याच प्रकरणात वाचकाला रागावलेल्या स्त्रीचे छायाचित्र पाहायला सांगते आणि लगेच १७ गुणिले २४ हा हिशेब मनात करायला लावते. पहिला प्रयोग कानाने होऊच शकत नाही, आणि दुसरा करायला बसावे तर तोवर निवेदन पुढे निघून गेलेले असते. एक रेघ दुसरीपेक्षा लांब भासवणारी दृष्टिभ्रमाची आकृतीही त्यात आहे. अशा आकृत्यांची वेगळी फाइल ऑडिओबुकसोबत मिळते हे खरे, पण ती उघडून पाहायची तर ऐकण्याची सोय कुठे उरली?

युवाल नोआ हरारी यांच्या मानवजातीच्या इतिहासावरील ‘सेपियन्स’बद्दलचे माझे मत अधिक गुंतागुंतीचे आहे. डेरेक पर्किन्स यांनी केलेले त्याचे अभिवाचन सुमारे १५ तासांचे आहे आणि इतके सफाईदार आहे की त्यात दोष काढता येणार नाही. माझा आक्षेप आहे तो त्या सफाईच्या परिणामाला. शेतीकडे वळणे ही इतिहासातील सर्वांत मोठी फसवणूक होती, माणसाने गहू पाळला नाही तर गव्हानेच माणसाला पाळले, अशी विधाने हरारी अतिशय ठामपणे करतात. त्यांतला पुरावा किती आणि लेखकाचा तर्क किती हे तपासण्यासाठी वाचकाने त्या ओळीपाशी रेंगाळले पाहिजे. ऐकताना मात्र एका आत्मविश्वासाने भरलेल्या वाक्यामागून दुसरे तितकेच आत्मविश्वासाचे वाक्य येते आणि शंका मनात आकार घेण्याआधीच प्रकरण संपते. मला ऐकताना ते सारे पटत गेले होते. पुढे तेच प्रकरण छापील प्रतीत वाचताना मी समासात जागोजागी प्रश्नचिन्हे केली. सुरेल आवाजामुळे युक्तिवाद असतो त्याहून पक्का वाटू लागतो, आणि म्हणून वादग्रस्त मांडणीची पुस्तके निदान एकदा तरी कागदावर तपासावीत असे मला मनापासून वाटते.

याच्या अगदी उलट अनुभव आत्मकथनांचा आहे, विशेषतः लेखकाने स्वतः वाचलेल्या. दक्षिण आफ्रिकी विनोदकार ट्रेव्हर नोआ यांचे ‘बॉर्न अ क्राइम’ (२०१६) छापील स्वरूपात वाचावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. कृष्णवर्णीय आणि गोरे यांचे संबंध बेकायदा असलेल्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय आई आणि गोरा बाप यांच्या पोटी जन्माला येणे हाच गुन्ह्याचा पुरावा होता, आणि त्या समाजात आपण कोणाचे हे सिद्ध करण्याचे नोआ यांचे साधन म्हणजे त्यांना येत असलेल्या अनेक भाषा. आपल्याला लुटण्याचा बेत मागून येणारी मुले झुलू भाषेत करत आहेत हे कळताच ते त्यांच्याशी झुलूतच बोलू लागतात आणि संकट टळते, हा प्रसंग पानावर केवळ माहिती म्हणून पोहोचतो. कानाला मात्र भाषा बदलताच माणूस परका राहत नाही हे प्रत्यक्ष जाणवते. खोसा भाषेतले टाळूवर जीभ आपटून होणारे उच्चार तर छापील अक्षरांतून ऐकू येत नाहीत.

मिशेल ओबामा यांचे ‘बिकमिंग’ (२०१८) त्यांनी स्वतः वाचले आहे, ते सुमारे १९ तासांचे आहे आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. शिकागोतल्या बालपणाचा भाग, खालच्या मजल्यावर चालणाऱ्या पियानोच्या शिकवणीचे आवाज आणि आजाराने हळूहळू थकत गेलेले वडील, हे सारे फार हृद्य आहे. व्हाइट हाउसमधल्या वर्षांचा भाग मला लांबलेला वाटला, आणि वाचनाची संथ, सावध लय तिथे पुस्तकाला मदत करत नाही.

कादंबऱ्यांपैकी अँडी वीअर यांच्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ने (२०२१) मला सर्वाधिक आनंद दिला. त्यातील एक परग्रहवासी पात्र शब्दांऐवजी सुरांत बोलते. छापील पुस्तकात त्यासाठी संगीताची चिन्हे आहेत, तर रे पोर्टर यांच्या अभिवाचनात ते सूर खरोखर ऐकू येतात, आणि नायकाला ती भाषा हळूहळू कळू लागते तसे आपलेही कान तयार होतात. जॉर्ज साँडर्स यांच्या ‘लिंकन इन द बार्डो’साठी (२०१७) तब्बल १६६ आवाज वापरले गेले आणि त्याचे पुष्कळ कौतुकही झाले. मला मात्र ते दमवणारे वाटले, कारण ही कादंबरी बरीचशी उताऱ्यांतून रचलेली असून त्यांचे संदर्भही मोठ्याने वाचले जातात आणि डोळा जे सहज ओलांडून गेला असता ते कानाला प्रत्येक वेळी ऐकावेच लागते.

लांबलचक वाक्ये ऐकायला कठीण जातात, असा माझाही समज होता. जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ ज्युलिएट स्टीव्हनसन यांच्या आवाजात ऐकल्यावर तो दूर झाला. ३५ तासांहून मोठ्या या अभिवाचनात वाक्य कितीही फाटे फोडत गेले तरी ते कुठे जाऊन टेकणार आहे हे स्टीव्हनसन यांना पहिल्या शब्दापासून ठाऊक असते, आणि त्यांच्या आवाजाच्या चढउतारातून ते आपल्यालाही कळते. छापील प्रत मी दोनदा अर्धवट सोडली होती.

ऐकलेले पुस्तक वाचलेले मानावे का, असेही आपण शेवटी विचारले आहे. बोलकी पुस्तके १९३० च्या दशकात निघाली ती अंध वाचकांसाठी. ब्रिटनमध्ये १९३५ साली तबकड्यांवर आलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही रहस्यकथा होती. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावत असे. ज्यांनी त्या तबकड्या उलटून उलटून अख्खी कादंबरी ऐकली, त्यांनी ती वाचली नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला तरी वाटत नाही.

निवड करताना आधी नमुन्याची पाच मिनिटे ऐकावीत आणि आवाज रुचला नाही तर पुस्तक कितीही गाजलेले असले तरी सोडून द्यावे. आवृत्ती संक्षिप्त तर नाही ना, हेही पाहावे. माहितीपर पुस्तकांचा वेग सव्वापट केलेला मला चालतो. आत्मकथनाचा वेग मात्र मी कधीही वाढवत नाही, कारण तिथे माणूस कुठे थबकला हेही सांगण्याचाच भाग असते. आपण नव्याने सुरुवात करत असाल तर पहिले पुस्तक म्हणून ‘बॉर्न अ क्राइम’ घ्यावे, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरे आत्मकथन न घेता ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ ऐकावे.