'स' ऱ्हस्व आहे, मग गुरू कसा?

प्रश्न: मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत म्हणतात, म्हणून 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें' मोजायला बसलो, पण 'सज्जना'तला स ऱ्हस्व असून गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, का धरायचा? माझा हिशोबच जुळेना!

उत्तर: अहो, तुम्ही अक्षर बघताय, कान लावा की. स म्हणताना पुढच्या 'ज्ज'चा धक्का त्याच्यावर येतो ना, म्हणून तो गुरू, आणि 'भक्ति'तल्या भ चं पण तेच. आता तोडून बघा: मना सज्, जना भक्, ति पंथे, चि जावें. दर वेळी लघु (एक मात्रा)-गुरू-गुरू, म्हणजे तीन अक्षरांचा य गण, 'यमाता' ही त्याची खूण आठवतेय का शाळेतली? असे 4 गण, ओळीत 12 अक्षरं.

खरी गंमत याच श्लोकाच्या तिसऱ्या ओळीत आहे, 'जनीं निंद्य तें सर्व सोडोनि द्यावें'. इथे नि च्या पुढे द्या हे जोडाक्षर आहे तरी नि लघुच, कारण शब्द बदललाय आणि म्हणताना मागे धक्का बसतच नाही, नुसता नियम लावत बसलात तर इथे हमखास अडकाल. यमकाचं सोपंय, जावें, स्वभावें, द्यावें, करावें, चारही ओळींना एकच.