वाचकांचे प्रश्न : घर खानदेशात, होडी समुद्रात

समुद्रातील लहान होडीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरे लिहिणारा मी धुळ्याचा असून तिघा मित्रांच्या भागीदारीतील सतरा फुटी होडी गेली नऊ वर्षे रायगडच्या किनाऱ्यावर ठेवून आहे. त्यामुळे खाली जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे पदरचे पैसे आणि पाठ मोडून शिकलेले आहे.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर) : गळाने मासे धरण्याची हौस लहानपणापासून बोरी नदीवर भागवली. आता सोळा-सतरा फुटांची फायबरची होडी घेऊन समुद्रावर जावे असे मनात आहे. आम्हाला सर्वांत जवळचा समुद्र सुरतचा. होडी घरी ठेवून ट्रेलरने न्यावी की किनाऱ्यावर ठेवावी?

उत्तर : सुरतचा विचार आपण प्रथम सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. याचे कारण परराज्य हे नसून पाणी हे आहे. आपल्या अमळनेर-चोपड्याच्या मधून वाहणारी तापी डुमसजवळ समुद्राला मिळते ती खंभातच्या आखाताच्या तोंडाशी. हे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत गेल्यामुळे भरतीचे पाणी आत कोंडते आणि चढते. आखाताच्या टोकाकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, तर मुंबईला मोठ्या उधाणातही तो पाच मीटरच्या आसपास असतो. इतके पाणी सहा तासांत आत यायचे आणि सहा तासांत बाहेर जायचे म्हणजे त्याला ओढ किती असेल, याची कल्पना तापीचा पूर पाहिलेल्या माणसाला निराळी करून द्यावी लागत नाही. आठ-दहा अश्वशक्तीच्या इंजिनाची होडी त्या ओढीपुढे जागच्या जागी घुरघुरत राहते, आणि वेळ चुकली तर पाणी निघून गेल्यावर गाळावर बसून पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. तिथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी ओळखून आहेत. नवशिक्याने तिथे आरंभ करू नये.

त्यापेक्षा पालघर किंवा रायगडचा किनारा बरा. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. मोकळ्या गाडीने जायचे असेल तर नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे पालघर गाठता येते. मागे ट्रेलर असताना मात्र त्या वळणांच्या वाटेला जाऊ नये आणि महामार्ग धरावा.

आता ठेवण्याचा प्रश्न. पहिली दोन वर्षे आम्ही होडी प्रत्येक वेळी घरून नेत आणि आणत होतो. एकदा परतताना कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली आणि जळक्या ग्रीसचा वास येऊ लागला. उतरून ट्रेलरच्या डाव्या चाकाच्या तुंब्याला बोट लावले तर चटका बसला. झाले होते ते असे, की लांबच्या प्रवासाने तापलेली चाके आम्ही किनाऱ्यावर पोहोचताच तशीच खाऱ्या पाण्यात घातली होती. तापलेला तुंबा एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ते पाणी ग्रीसमध्ये मिसळले आणि बेअरिंग गेले. घोटीला एका गॅरेजच्या ओट्यावर रात्र काढली तेव्हा तिघांपैकी कोणीही कोणाशी बोलत नव्हते. तेव्हापासून ट्रेलर पाण्यात घालण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास उभा करून चाके निवू देतो आणि ग्रीस वर्षातून दोनदा बदलतो. ट्रेलर म्हणजे वाहनच असल्याने त्याची आरटीओकडे नोंदणी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

माझे मत असे आहे, की होडी जिथे रोज कोणाची तरी नजर पडते तिथेच ठेवावी, आणि हंगामात ती जागा किनाऱ्यावरच असते. वाडीतल्या एखाद्या जाणत्या नाखव्याला महिन्याचा ठरावीक मोबदला देऊन होडी त्याच्या अंगणात किंवा शाकारलेल्या मांडवाखाली ठेवता येते. दोर सैल झाला, आत पावसाचे पाणी साचले, उंदराने पेट्रोलची नळी कुरतडली, या गोष्टी त्याला दिसतात. तीनशे किलोमीटरवरून आपल्याला दिसत नाहीत. पावसाळ्यापुरती मात्र होडी घरी आणावी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आपल्याकडे सहा-सातशे. आपली कोरडी हवा इंजिनाला मानवते. फक्त उन्हापासून होडी झाकलेली हवी, कारण जळगाव-भुसावळकडचे ऊन फायबरचा तुकतुकीत थर एकदोन उन्हाळ्यांत खडूसारखा भुरभुरीत करून टाकते. तसेही 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि जुने कोळी तर नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात पाऊल टाकत नाहीत. हौसेची होडी आहे म्हणून आपण त्यातून सूट मागू नये. त्या दिवसांतला समुद्रही सूट देत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. मासे विकायचे असतील तर मासेमारी नौका म्हणून नोंदणी आणि 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा परवाना, या दोन्हींची गरज असते. केवळ हौसेसाठी घ्यायची असेल, तर विकत घेण्यापूर्वीच जवळच्या बंदर निरीक्षकांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयाला होडीचे वर्णन देऊन, कोणती नोंदणी लागेल ते लेखी विचारून घ्यावे. इंधनावरच्या सवलतीसाठी हौसेची होडी व्यवसायाची म्हणून दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर समुद्रात तपासणी कडक झाली असून होडीचे आणि बसलेल्या प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावेच लागते.

आणि एक सुचवतो. पहिल्या हंगामात होडी घेऊच नका. एखाद्या तांडेलाबरोबर भाड्याच्या होडीतून आठ-दहा वेळा जा. पाचव्या खेपेलाही पहाटे चारला उठावेसे वाटले, तर मग पुढचा विचार करा.

प्रश्न (केळी बागायतदार, रावेर) : जुनी होडी इंजिनासह स्वस्तात मिळते आहे. काय पाहून घ्यावे? प्रत्येक खेपेनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुवावे लागते, हे खरे आहे की विकणाऱ्यांचे स्तोम?

उत्तर : आपल्या ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की काय होते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. बाहेर लावायचे इंजिन समुद्राचेच पाणी आत खेचून त्यावर थंड होत असते. ते पाणी आत सुकले की अरुंद वाटांमध्ये मिठाची पुटे चढतात आणि तिथे आम्ल सोडून नळ्या मोकळ्या करण्याची सोय नसते. म्हणून किनाऱ्याला लागताच बागेतल्या साध्या नळीने दहा-पंधरा मिनिटे गोडे पाणी आतून फिरवावे. यात स्तोम काही नाही.

जुने इंजिन पाहताना ते सुरू करून मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडते का, ते प्रथम पाहावे. धार सळसळीत हवी. थेंबथेंब पडत असेल तर आतला रबरी पंखा झिजला आहे किंवा वाटा तुंबल्या आहेत. मग खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून तेलाचे चार थेंब बोटावर घ्यावेत. तेल दुधाळ, चहासारखे दिसले, तर पाणी आत शिरते आहे. इंजिनावरचा जस्ताचा तुकडाही पाहावा. समुद्राच्या पाण्यात इतर धातूंच्या आधी तो झिजावा म्हणूनच त्याला बसवलेले असते. तो अर्धा खाल्लेला असेल तर चांगली खूण, आणि नऊ वर्षांच्या इंजिनावर जुनाच तुकडा कोरा करकरीत असेल तर तो रंगवलेला तरी आहे किंवा त्याची तार तुटलेली तरी आहे.

होडीची इंजिन टांगायची मागची फळी ही जुन्या होडीची खरी परीक्षा. फायबरच्या आत बहुधा लाकूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून ते कुजते. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे : टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर सौदा तिथेच थांबवावा. इंजिन हाताने वर-खाली हलवून फळी लवते का, तेही पाहावे. बाकी रंग उडालेला असणे, बाके मोडलेली असणे याला फारसे महत्त्व नाही; त्यावरून किंमत मात्र पाडून घ्यावी.

तळाशी पाणी काढण्याचे बूच असते, त्याला एक लाल फडके बांधून ते गाडीच्या किल्लीजवळ ठेवावे. आम्ही पहिल्याच दिवशी बूच न लावता होडी पाण्यात लोटली होती. वाडीतली मुले अजून ती गोष्ट एकमेकांना सांगतात.

प्रश्न (एक वाचक, नवापूर) : हीच होडी उकाईच्या फुगवट्यात किंवा हतनूरला चालेल का?

उत्तर : चालेल. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के हलके असल्यामुळे होडी किंचित खोल बसेल, इतकेच. जस्ताऐवजी मॅग्नेशियमचा तुकडा लावणे बरे. अडचण वेगळीच आहे. धरणांतील मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा संस्थेची आणि जलसंपदा विभागाची परवानगी घेतल्याशिवाय गळसुद्धा टाकू नये. हतनूरच्या जलाशयात गाळ फार असून हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. तिथे वल्ह्यांवर फिरावे, असे मला वाटते.

प्रश्न (एक गृहिणी, भुसावळ) : आमचे यजमान आणि त्यांचे मित्र दर महिन्याला अलिबागकडे होडीने जातात. मी नको म्हणत नाही. पण कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा?

उत्तर : वहिनी, या पाचांत आपला प्रश्न सर्वांत नेमका आहे. जीवरक्षक जाकीट होडीत असून भागत नाही, अंगात हवे. समुद्रात पडलेला माणूस ते शोधून घालू शकत नाही. इंजिनाची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी, म्हणजे तो पडला तरी इंजिन बंद पडते आणि होडी त्याच्यावर फिरून येत नाही. इंधनाचे तीन भाग करावेत : एक जाण्याचा, एक येण्याचा आणि एक दैवाचा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे आणि वाऱ्याचे अंदाज देते. ते आदल्या रात्री पाहून घ्यावेत.

सर्वांत मोठा आग्रह मात्र वेळेचा धरावा. कुठून निघणार, कोणत्या बाजूला जाणार आणि किती वाजता किनाऱ्याला लागणार, हे निघण्यापूर्वी आपल्याला आणि वाडीतल्या एकाला लिहून मिळाले पाहिजे. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही, तर संकोच न करता तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर कळवावे. घरच्यांनी उगीच काळजी केली म्हणून रागावणारा माणूस किनाऱ्यावर सुखरूप उभा असतो, त्यामुळे त्या रागाचे मनावर घेऊ नये.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आपल्याला घरबसल्या उपयोगी पडेल. दिनदर्शिकेत तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अशी मुंबई-रायगडकडच्या पूर्ण भरतीची अंदाजी वेळ निघते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची ओढ कमी. लहान होडीला भांगाचे दिवस मानवतात. खाडीच्या तोंडातून परतताना पाणी ओसरत असेल आणि समुद्राकडून वारा येत असेल, तर लाटा उभ्या राहतात; म्हणून परतीची वेळ चढत्या पाण्याची निवडली आहे का, एवढे यजमानांना जरूर विचारावे.

शिंगाळा गळाला लागला तर हाताने सोडवू देऊ नये, पकडीने सोडवावा. त्याच्या काट्यात विष असते. काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना उतरते, त्यामुळे चहाच्या थर्मासबरोबर साध्या गरम पाण्याचाही एक थर्मास द्यावा, आणि किनाऱ्यावर येताच डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शहादा) : होडीत मळमळते. उपाशी जावे का?

उत्तर : उपाशी मुळीच जाऊ नये. निघण्यापूर्वी तासभर आधी कोरडे, हलके खावे. मी कळण्याची अर्धी भाकरी खातो, ठेचा मात्र परतल्यावर. होडीत मागच्या बाजूला, मध्यावर बसावे, धुराच्या झोतात बसू नये, मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्याच्या डोंगरावर ठेवावी. गळाला आमिष लावायचे काम खाली मान घालून करावे लागते, ते पहिल्या तासात दुसऱ्याकडे सोपवावे. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.