पैसे घटस्थापनेआधी दिले, मग 40 टक्के का?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर याच चालीचे बरेच आले. पाच मित्रांनी भाऊबीज उरकून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोवर जायचं ठरवलं. 14 सप्टेंबर 2025 ला गावातल्याच एका एजंटला यूपीआयने 64,000 रुपये पाठवले: 50,000 च्या चिप्स आणि त्यावर 28 टक्के जीएसटी. 25 ऑक्टोबरला काउंटरवर आणखी 6,000 मागितले, कारण 22 सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेपासून, दर 40 टक्के झाला होता. यांनी मुकाट भरले. आता ते परत हवेत.

दरवाढ बरोबर की चूक, यात मी पडत नाही. जीएसटी परिषदेने 3 सप्टेंबरला ती जाहीर केली होती आणि 'म्हणूनच घाईने पैसे भरून टाकले' असं तुम्हीच लिहिलंय. पैसे द्यायची घाई केलीत, कागद घ्यायची नाही.

सगळं अडतंय ते केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याच्या कलम 14 वर. दर बदलला की तीन तारखा बघायच्या: पुरवठा कधी झाला, बिल कधी निघालं, पैसे कधी मिळाले. तीनपैकी दोन जुन्या दराच्या काळातल्या असतील तर जुना दर. तुमच्या हातात चिप्स पडल्या ऑक्टोबरात, म्हणजे एक तारीख गेलीच. उरलेल्या दोन्ही 22 सप्टेंबरच्या आधीच्या लागतील. एक जरी नंतरची निघाली तरी 40. 'पैसे आधी दिले होते' एवढ्यावर भागत नाही ते यामुळे.

तुम्ही पुरावा म्हणून काय जोडलंय, तर एजंटच्या व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट. 'बुकिंग कन्फर्म भावा', पुढे अंगठा. हे बिल नव्हे. कॅसिनोने आगाऊ रकमेची पोच म्हणून रिसीट व्हाउचर दिलं असेल, तर तेही बिल नव्हे. टॅक्स इनव्हॉइस लागतं, 21 सप्टेंबर किंवा त्याआधीच्या तारखेचं. आणि पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे कॅसिनोच्या वहीत किंवा बँकेत जमा झाल्याची. तुमच्या फोनवर हिरवी खूण उमटली ती नव्हे. एजंटने रक्कम दहा दिवस स्वतःकडेच ठेवली असेल तर खेळ तिथेच संपला. तो कॅसिनोने नेमलेला एजंट असेल तर त्याला दिले म्हणजे कॅसिनोलाच दिले, असा युक्तिवाद करता येईल. टिकेलच असं नाही.

तेव्हा कॅसिनोला ईमेल करा आणि दोनच गोष्टी मागा: टॅक्स इनव्हॉइसची प्रत आणि रक्कम जमा झाल्याची तारीख. दोन्ही तारखा आधीच्या निघाल्या तर 6,000 परत मागायला भक्कम आधार आहे. दिले नाहीत तर कोल्हापूरच्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती चालते, मुदत दोन वर्षं, आणि एवढ्या रकमेला फी नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. त्यावर मी एक चिपही लावणार नाही.

बिल आधीचं पण पैसे उशिरा पोचलेले, असं निघालं तर भांडण एजंटशी. तिथे मी सावध बोलेन. करार कायद्याच्या कलम 30 ने पैजेचा करार निरर्थक ठरतो, आणि पैजेला पूरक असलेल्या व्यवहारांनाही आपल्याकडे 1865 चा मुंबई कायदा आडवा येतो. परवानाधारक कॅसिनोच्या चिप्सना हे कितपत लागू पडेल, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. दावा लावण्याआधी एजंटशी तडजोड जमते का बघा. बिलही नंतरचंच असेल, तर ते 6,000 विसरा.

न खेळता परत केलेल्या 8,000 च्या चिप्सवरचा कर परत मिळेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही. सीजीएसटी नियमांतल्या नियम 31सी प्रमाणे चिप्स विकत घेताना दिलेली पूर्ण रक्कम करपात्र, आणि परत केलेल्या चिप्सचे पैसे त्यातून वजा होत नाहीत.

काउंटरवर भरलेल्या 6,000 ची पावती तरी घेतली होतीत ना? पत्रासोबत दिसली नाही.