पी०४२० कोड आला आणि पीयूसीतही गाडी नापास झाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायलाच हवा का? (सोलापूर)

तुमची माहिती अशी: २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, सोलापूर पासिंग, ९५,००० किमी. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०४२० येतोय, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) नीट काम करत नाही असा कोड. पीयूसीच्या पावतीवर आयडलला (गाडी उभी, पाय न देता) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के, एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल २४० पीपीएम, फास्ट आयडलला (थोडा रेस देऊन) लॅम्डा ०.९५. गॅरेजवाला सरळ कन्व्हर्टर बदला म्हणतोय.

आत्ता बदलू नका. त्या पावतीवरचा सगळ्यात कामाचा आकडा लॅम्डा आहे, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. लॅम्डा म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात गेलं त्याचा हिशोब. तो ०.९७ ते १.०३च्या आत हवा. तुमचा ०.९५ आहे, म्हणजे मिक्स्चर रिच आहे, पेट्रोल जास्त जातंय. नवा कन्व्हर्टर लावून हा आकडा सुधारत नाही. सीओ जाळायला ऑक्सिजन लागतो आणि रिच गाडीच्या धुरात तो पुरेसा उरतच नाही. नवी कॅट (म्हणजे कन्व्हर्टर) लावून पुन्हा पीयूसीला गेलात तर सीओ थोडा उतरेल, पण गाडी बहुतेक नापासच होईल, आणि नवी कॅटही हळूहळू खराब होईल.

मर्यादांचं एक सांगतो, कारण आपल्याकडे यात गोंधळ होतो. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ (भारत स्टेज ४, गाड्यांच्या धुराचा नियम) ज्या तेरा शहरांत लागू झालं त्यात सोलापूर होतं; पूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ ला आलं. त्यामुळे तुमच्या गाडीला आयडलला सीओ ०.३ आणि एचसी २०० ही मर्यादा आहे. शेजारच्या जिल्ह्यात पासिंग झालेली त्याच वर्षाची गाडी बीएस-३ असू शकते, तिला ०.५ आणि ७५० चालतं. मित्राची गाडी पास झाली म्हणून तुलना करू नका, आरसीवर काय नोंद आहे ते बघा.

आता दोष शोधणं. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारा छोटा स्कॅनर) चालेल. इंजिन पूर्ण गरम करून चार आकडे लिहून काढा: कूलंटचं तापमान, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय तो आकडा), पुढच्या (कॅटच्या आधीच्या) आणि मागच्या (कॅटनंतरच्या) ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज.

आधी तापमान. ते ८० ते ९५च्या दरम्यान स्थिर राहायला हवं. ६५-७०वरच अडकत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा आधीच्या कुणी ‘उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये’ म्हणून काढूनच टाकलाय. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाला घाबरून हे सर्रास केलं जातं आणि ते चूक आहे. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन थंडच वाटत राहतं, तो पेट्रोल वाढवून देतो, आणि आयडलला कॅटही तिच्या कामाच्या तापमानाला नीट पोचत नाही.

तापमान ठीक असेल तर ट्रिम. इथेच खरा निकाल लागतो.

ट्रिम उणे १० किंवा त्याहून खाली असेल, तर ईसीयूला रिच दिसतंय आणि तो पेट्रोल कापतोय, तरी पुरत नाही. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी चिमट्याने दाबा. मिनिटाभरात ट्रिम शून्याकडे सरकला तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहतोय किंवा कॅनिस्टर (ती वाफ साठवणारा कोळशाचा डबा) पेट्रोलने भिजलाय. पंपावर ऑटो कट झाल्यावरही टाकी तोंडापर्यंत भरायची सवय असेल तर हेच होतं. फरक पडला नाही तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वर चढली असेल, तर इंजेक्टर गळतोय. प्लग काढा: तीन तपकिरी आणि एक काळा, काजळी धरलेला दिसला तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर पकडा. दुरुस्तीनंतर ऑइल बदला, नाहीतर त्यातली पेट्रोलची वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात जाते आणि दोष तसाच दिसत राहतो.

ट्रिम अधिक १० किंवा वर, आणि तरीही पावतीवर लॅम्डा रिच? मग ईसीयू फसतोय. पुढचा सेन्सर खोटं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतोय, किंवा त्याच्या अगदी जवळ मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांचं) पॅकिंग फुटून हवा आत ओढली जातेय. मागचा सेन्सर बघा: तो सतत ०.८च्या वर असेल तर धूर खरोखर रिच आहे, म्हणजे खोटारडा पुढचाच. गळती थंड इंजिनवर शोधा. गाडी सुरू केल्या केल्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडे दिसतात. (ई-२० पेट्रोलमुळे ट्रिम तीन-चारने वर सरकतो. तो दोष नाही.)

लॅम्डा १वर आला की मगच कॅटची परीक्षा. २५०० आरपीएमवर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९मध्ये झपाझप वरखाली होतो, मागचा ०.६-०.७ला शांत असायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट गेली. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड, म्हणजे वेगळ्या प्रकारचा, असतो. तिथे हे व्होल्टेज लागू नाहीत, फक्त मागचा बघा. तुळजापूरच्या घाटात गाडी दम टाकत असेल तर कॅट तुंबल्याची शंका घ्या. पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा: २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेला तर कॅटच्या आतली जाळी वितळून बसलीय. रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर खडखड आली तर ती आतून तुटलीय.

बदलायची वेळ आलीच तर गाडी पूर्ण थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तुमच्यासारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅट मॅनिफोल्डलाच जोडून असते, त्यामुळे हीट शील्डचे बोल्ट आणि मॅनिफोल्डचे स्टड तुटायचा धोका जास्त. जबरदस्ती करू नका, गरम करून सोडवा. सेन्सर २२च्या खाचवाल्या सॉकेटनेच काढा. पॅकिंग आणि नट नवेच घ्या. सगळे नट आधी हाताने बसवा, मग मधून बाहेर असे टप्प्याटप्प्याने आवळा. सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं वास आणि थोडा धूर येतो, ते साहजिक आहे.

‘जाळी फोडून रिकामा डबा बसवतो’ असं कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. तो धूर मागे चालणाऱ्याच्या छातीत जातो, आणि पीयूसीलाही गाडी पुन्हा नापास होते. बाटलीतल्या ‘कॅट क्लीनर’नेही मेलेली कॅट उठत नाही.

शेवटी कोड पुसून मोहोळपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन या. थोडं शहरात चालवा, रात्रभर गाडी थंड होऊ द्या आणि हेच पुन्हा करा. डोंगलवर कॅटॅलिस्ट मॉनिटर (ईसीयूची कॅटची स्वतःची तपासणी) ‘रेडी’ दिसल्यावर, इंजिन गरम असतानाच पीयूसीला न्या. कोड पुसल्या पुसल्या दिवा विझलेला असतो, म्हणून गाडी दुरुस्त झाली असं समजू नका.